अंगणातल्या दिव्याचा हिशोब



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, 'अंगणातल्या दिव्याचा हिशोब'. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, "सर, म्हणजे अंतरीचा दिवा वगैरे का?" मी म्हटलं, नाही हो. खरा दिवा. बटण दाबल्यावर लागणारा, बेस्टच्या बिलात दिसणारा. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं तुम्हाला वाटेल. तर त्याचं कारण असं की या विषयात मी स्वतः एक चूक केली आहे, आणि ती चूक हिशोबाची नव्हती, विचाराची होती.

काळाचौकीतल्या एका पुनर्विकसित इमारतीत मी राहतो. खाली पोडियमवर बाग आहे. बाग म्हणजे लॉनचा एक पट्टा, कुंपणाच्या कडेने पाम, चार बाक आणि मुलांसाठी घसरगुंडी. ताबा मिळून दोन वर्षं झाली, तेव्हा बागेत दिवे बसवायचा ठराव आला. सर्वसाधारण सभेत कोटेशन वाचलं गेलं. प्रत्येक पामच्या बुंध्याशी वर झोत टाकणारा दिवा, लॉनच्या कडेने छोटे खांबदिवे, कुंपणाच्या भिंतीवर रंगीत पट्टी. एकानं मोबाइलवर चित्र दाखवलं. सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. ठरावाला अनुमोदन मी दिलं.

पहिल्याच पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या एक मावशी पोडियमवरून लिफ्टकडे येताना पडल्या. रॅम्प संपतो तिथे एक पायरी आहे, सहा इंचांची. ती दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिन्यांनी वॉकर घेऊन त्या खाली आल्या, बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, त्या झाडाला कशाला एवढा उजेड? ते काय पायरी उतरतंय?"

आजचं माझं सगळं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

कोटेशनमध्ये काय नसतं

ॲरिस्टॉटलने कोणतीही वस्तू समजून घ्यायला चार प्रश्न सांगितले. ती कशाची बनली आहे? तिचा आकार काय? ती कोणी घडवली? आणि ती कशासाठी आहे? आता आमचं कोटेशन घ्या. दिवा कशाचा? ॲल्युमिनियमचा, वर काच. आकार? चित्रासकट. करणार कोण? ठेकेदाराचं नाव, शिक्का, सही. चार प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं अगदी व्यवस्थित होती. चौथा रकाना मात्र नव्हताच. हा दिवा कशासाठी, असं त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि शंभर माणसांच्या सभेत कोणी ते विचारलंही नाही. चौथा प्रश्न वर्गात ज्यानं वर्षानुवर्षं शिकवला, त्यानंही नाही.

आपल्या या गिरणगावात हा प्रश्न पूर्वी विचारावा लागत नसे. चाळीच्या जिन्यात एक बल्ब असे, गॅलरीच्या टोकाला एक, संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर एक. रातपाळीला जाणारा माणूस उतरायचा, दुसऱ्या पाळीचा रात्री उशिरा वर यायचा. त्याचं पाऊल चुकू नये म्हणून तो बल्ब. बल्ब गेला की दुसऱ्या दिवशी बोंब व्हायची, कारण त्याचं काम सगळ्यांना माहीत होतं. अंगणातली रोषणाई वेगळी. ती गणपतीत, दिवाळीत. तिची वर्गणी वेगळी, वही वेगळी. म्हणजे पावलाचा दिवा एका खात्यात आणि डोळ्यांचा दिवा दुसऱ्या खात्यात, ही विभागणी आपल्या चाळींनी कोणताही ठराव न करता पाळली होती. टॉवरमध्ये आलो आणि दोन्ही खाती एकत्र झाली. आपला घोटाळा तिथेच सुरू झाला.

उजेड स्वस्त झाला, खर्च वाढला

मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले १८६५ साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं कोळशावरचं पुस्तक आलं. त्यात त्याने एक विचित्र वाटणारी गोष्ट दाखवून दिली. वाफेचं इंजिन जसजसं कमी कोळशात जास्त काम करू लागलं, तसतसा देशातला कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढला. काटकसर करणारं यंत्र आलं की माणूस ते यंत्र जास्त ठिकाणी वापरतो.

एलईडीचं अगदी तेच झालं. साठ वॉटच्या जुन्या बल्बचं काम आज नऊ वॉटचा दिवा करतो. २०१५ सालापासून सरकारी उजाला योजनेत हे दिवे स्वस्तात मिळू लागले आणि घरोघर पोचले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण सोसायटीच्या सभेत त्याचा अर्थ असा लावला गेला, की "एलईडी आहे, वीज कुठे लागते? चाळीस लावा." जिथे पूर्वी चार दिवे लावताना चर्चा झाली असती, तिथे चाळीस बिनविरोध मंजूर होतात.

आता खरंच किती लागतं ते पाहू. मी आकडे सोयीचे घेतो. तुम्ही तुमच्या कोटेशनमधले आणि तुमच्या सामाईक मीटरच्या बिलावरचा दर घाला, रीत तीच राहील.

समजा दिवे चाळीस, प्रत्येकी दहा वॉटचे. म्हणजे एकूण चारशे वॉट. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तास. रोजचे ४.८ युनिट. वर्षाचे १,७५२ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला १७,५२० रुपये. तुम्ही म्हणाल, शंभर घरांच्या इमारतीला हे काहीच नाही. बरोबर आहे. पण वीज हा या हिशोबाचा फक्त एक भाग आहे.

दिवा बागेत असतो तेव्हा तो पावसात असतो. मुंबईचा पाऊस चार महिन्यांचा, आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा. डब्यावर लिहिलेलं असतं 'आयुष्य २५,००० तास'. ते आयुष्य आतल्या चिपचं. चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर, काचेभोवतीचं रबर, जमिनीतला जोड, हे त्याआधी जातात. रबर वाळलं की पाणी आत शिरतं, पाणी शिरलं की ड्रायव्हर जळतो. आणि डब्यावरचा आकडा खरा धरला तरी रोज बारा तास म्हणजे वर्षाला ४,३८० तास होतात. २५,००० तास पावणेसहा वर्षांच्या आतच संपले. म्हणजे दहा वर्षांत प्रत्येक दिवा निदान एकदा बदलायचा आहे, हे धरूनच चालायला हवं.

तेव्हा दहा वर्षांचा हिशोब असा मांडा. दिवा अडीच हजारांचा, आणि वायर, पाइप, खोदाई, जोड, मजुरी मिळून दर दिव्यामागे आणखी अडीच हजार. चाळीस दिव्यांचे दोन लाख. हा पहिल्या दिवसाचा खर्च. कोटेशनमध्ये फक्त एवढाच असतो. वीज दहा वर्षांची १,७५,२००. एकदा बदलणं, दिवा आणि मजुरी मिळून तीन हजार प्रमाणे, १,२०,०००. आणि वायरमन महिन्याला हजार रुपयांवर ठेवला तर दहा वर्षांत १,२०,०००. बेरीज ६,१५,२००.

सभेने मंजूर केले दोन लाख, आणि प्रत्यक्षात शब्द दिला सहा लाखांचा. यात वीजदर वाढेल हे धरलेलंच नाही. अंदाजपत्रकातली चूक बहुतेक वेळा बेरजेची नसते. बेरीज बरोबर असते, रकाने कमी असतात. म्हणून घराबाहेरच्या दिव्यांचं बजेट करताना पाच रकाने आखून घ्या: दिवा, वायरिंग, वीज, बदल आणि माणूस. ठेकेदार पहिले दोन भरून देईल. उरलेले तीन आपण भरायचे.

एकावन्न रुपयांचा ढीग

सहा लाख पंधरा हजारांना शंभर घरांनी भागा, मग एकशेवीस महिन्यांनी भागा. घरटी महिना एकावन्न रुपये. सभेत हाच आकडा नेहमी सांगितला जातो. "साहेब, एकावन्न रुपये! एक वडापाव आणि दोन चहा."

इथे मला एक जुनं कोडं आठवतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमध्ये युबुलिडीस नावाचा तर्कपंडित होऊन गेला. त्याच्या नावावर ढिगाऱ्याचं कोडं सांगतात. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नाही. त्यात एक दाणा टाकला, तरी ढीग नाही. आणखी एक टाकला, तरी नाही. एका दाण्याने ढीग न होणाऱ्याचा ढीग होत नाही, हे कबूल. मग ढीग होतो केव्हा? आणि ढीग तर समोर असतो.

मेंटेनन्सचं बिल हा असा ढीग आहे. बागेच्या दिव्यांचे एकावन्न. माळ्याचे साठ. क्लबहाउसच्या एसीचे नव्वद. कारंज्याचे तीस. प्रत्येक ठराव वेगवेगळा येतो आणि प्रत्येक वेळी युक्तिवाद तोच असतो, की एवढ्याने काय होतंय. एवढ्याने खरंच काही होत नाही. पण एक दिवस दाराला कुलूप दिसतं, घर भाड्याने दिलेलं असतं आणि माणूस बदलापूरला किंवा गावाला राहायला गेलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "परवडत नव्हतं हो." नेमकं काय परवडत नव्हतं, ते तो सांगू शकत नाही. कोणत्या दाण्याने ढीग झाला ते सांगता येत नाही, तसंच.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती जुन्या रहिवाशांनी नीट समजून घ्यायला हवी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक विजेचा खर्च सेवा शुल्कात धरला जातो आणि सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं. घर तीनशे चौरस फुटांचं असो की हजाराचं. नियम म्हणून ते योग्यच आहे, जिन्यातला दिवा घराचं क्षेत्रफळ पाहून उजेड देत नाही. पण म्हणूनच ठराव करताना आपण कोणाच्या खिशाला प्रमाण धरतो, हा प्रश्न उरतो. निवृत्त कामगारांच्या ज्या पेन्शन योजनेत आपल्याकडचे पुष्कळ लोक आहेत, तिची किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली. हजारातले एकावन्न म्हणजे शेकडा पाच. पामच्या झाडाखालच्या दिव्यासाठी. आमच्या मावशींची पेन्शन किती ते मी त्यांना विचारलेलं नाही. पण ठरावाला अनुमोदन देताना तो विचार माझ्या मनात यायला हवा होता, आणि तो आला नाही.

काही जण म्हणतात, कॉर्पस आहे ना. बिल्डरने दिलेल्या कॉर्पसच्या व्याजातून मेंटेनन्स भागतो, मग काळजी कसली? तर कॉर्पसची रक्कम एकदा ठरली की ठरली. व्याजदर खाली येतो, वीजदर वर जातो. ताबा मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सगळं नवीन असतं, काही मोडत नाही, म्हणून व्याज पुरतं. नेमक्या त्याच काळात आपण हौसेचे ठराव करतो. आणि त्यांचं 'बदल' नावाचं बिल पाचव्या-सहाव्या वर्षी येतं, जेव्हा लिफ्ट, पंप, रंग हे सगळे एकदम पैसे मागायला उभे राहतात.

फुकटच्या दिव्याचंही तेच. कोणी पुढारी खांब देतो, कोणी देणगीदार फ्लडलाइट देतो. घ्यावा, नाही म्हणू नये. पण देणारा पहिला रकाना देतो, उरलेले चार आपल्याकडे राहतात. देणगी स्वीकारायच्या आधी ते चार रकाने सभेत वाचून दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

मावशी का पडल्या

आता तुम्ही म्हणाल, पोडियमवर एवढा उजेड होता, तरी पायरी दिसली कशी नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की ती उजेड असूनही पडली असं नाही, उजेडामुळे पडली.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो. शिवाय झगझगीत दिवा पाहिल्यावर अंधाराला सरावायला म्हाताऱ्या डोळ्याला जास्त वेळ लागतो. मावशी चालत होत्या ते खालून वर झोत मारणाऱ्या दिव्यांच्या रांगेवरून. ती रांग संपली आणि लगेच रॅम्पची सावली, ओली फरशी, आणि पायरी. शेजारी लख्ख उजेड नसता, तर ती पायरी कदाचित अंधुक तरी दिसली असती.

म्हणून दिव्यांची यादी करायच्या आधी एक काम करा. इमारतीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर घेऊन रात्री फिरा. एकदा आठ वाजता, एकदा साडेअकराला, आणि जमलं तर एकदा पावसात. बरोबर वही ठेवा. ते जिथे थांबतील, जिथे हात भिंतीला लावतील, जिथे म्हणतील "इथे जरा दिसत नाही बघ", तिथे खूण करा. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड आत कुठवर येतो तेही पाहा. तो उजेड आपल्याला आयता मिळतो आणि बऱ्याचदा गेटजवळ दुसऱ्या दिव्याची गरजच उरत नाही.

मग सगळ्या जागांचे तीन भाग करा. पहिला पावलाचा: पायऱ्या, रॅम्प, वळणं, मीटर रूमचं दार, कचऱ्याची जागा, गाडीतून उतरण्याची जागा. दुसरा पहाऱ्याचा: गेट, कॅमेऱ्यासमोरची जागा, मागची बोळ. तिसरा शोभेचा. पैसे याच क्रमाने द्यायचे. पहिल्या भागाचे पूर्ण दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, आणि दुसरा झाल्याशिवाय तिसऱ्याचं चित्र मोबाइलवर दाखवायचं नाही.

आम्ही हे उशिरा केलं. वहीत सोळा जागा निघाल्या. सोळा! आधी ठरले होते चाळीस, आणि त्या चाळिसांतला एकही या सोळा जागांवर नव्हता. मघाचीच रीत वापरून पाहा. आठ वॉटचे सोळा दिवे. दहा रात्रभर, आणि सहा फक्त सहा ते अकरा. रोजचे १.२ युनिट, वर्षाचे ४३८, खर्च ४,३८० रुपये. दहा वर्षांत वीज ४३,८००. पहिला खर्च ८०,०००. एकदा बदलणं ४८,०००. वायरमन महिना पाचशे, म्हणजे ६०,०००. बेरीज २,३१,८००. घरटी महिना एकोणीस रुपये. सहा लाखांच्या योजनेत मावशी पडतात आणि सव्वादोन लाखांच्या योजनेत पडत नाहीत. स्वस्त आणि चांगलं एकत्र येत नाही असं आपण नेहमी म्हणतो. इथे ते आलं, कारण आधी 'कशासाठी' विचारलं.

जिथे काटकसर करायची नाही

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका, ते म्हणजे पाणी आणि वीज जिथे भेटतात तिथे. दिव्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा, भिंतीवर चालेल. जिथे पाणी साचतं, तिथे निदान ६७ हवा. तो मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. जमिनीतल्या वायरचा जोड उघडा, चिकटपट्टी गुंडाळून ठेवायचा नाही, बंद डब्यातच हवा. बागेच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी हवा, तीस मिलिअँपियरवर तुटणारा, आणि अर्थिंग तपासून घेतलेलं हवं. जिथे मुलं खेळतात तिथे बारा किंवा चोवीस व्होल्टचे दिवे घ्यावेत. वायरिंगच्या रकान्यातले पैसे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून कोटेशन कमी करायला ठेकेदार आणि कमिटी दोघेही आधी तोच रकाना कापतात. तुम्ही तो कापू देऊ नका.

टायमर आणि सेन्सर यांवर खर्च करा, तो परत येतो. जो दिवा बारा तासांऐवजी पाच तास लागतो, त्याचे वर्षाला १,८२५ तासच होतात. विजेबरोबर त्याचं आयुष्यही वाचतं. रंग पिवळसर घ्या, दुकानात वॉर्म व्हाइट म्हणतात तो. निळसर पांढरा दिवा डोळ्यात टोचतो आणि किडेही जास्त ओढतो. आणि दिव्याचं तोंड खाली. वर गेलेला उजेड म्हणजे आकाशाला भरलेली वर्गणी.

झाडांबद्दल एक शब्द. झाडाच्या बुंध्याला खिळे ठोकून माळा लावणं, फांद्यांना वायर आवळणं, हे करू नका. २०२४ मध्ये मुंबई परिसरातल्या झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेला होता. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे. रात्र झाडालाही लागते, आणि त्यावर बसणाऱ्या पाखरांनाही.

गावचं घर

आपल्यापैकी अनेकांचं कोकणात किंवा घाटावर घर आहे. निवृत्तीनंतर ते नीट बांधतात, पुढे कंपाउंड घालतात आणि कंपाउंडच्या खांबाखांबावर गोल दिवे बसवतात. वर्षातून तीस दिवस राहणार, आणि दिवे दहा. तिथेही तीच रीत वापरा. पडवीपासून न्हाणीघरापर्यंत, गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत जी वाट आहे तिथे सेन्सरचा दिवा. साप-विंचवासाठी तो हवाच. तुळशीपाशी पणती पुरते. सौर दिवा घेतलात तर बॅटरीची किंमत 'बदल' या रकान्यात आधीच लिहा, कारण पॅनल वर्षानुवर्षं टिकतं, बॅटरी टिकत नाही, आणि बॅटरी गेलेले सौर खांब प्रत्येक गावाच्या वेशीवर उभे आहेत. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, झाडांवर काजवे चमकतात, ते त्यांचं एकमेकांना बोलावणं असतं. आपल्या फ्लडलाइटमध्ये ते बोलावणं पोचत नाही. नातवंडांना काजवे दाखवायचे असतील तर अंगणातला दिवा बंद करावा लागेल, आणि तो खर्च शून्य.

प्रश्नोत्तरं

एका बाईंनी विचारलंय: "सर, सुंदर दिसायलाच नको का? आयुष्यभर चाळीत काढलं, आता जरा हौस केली तर काय बिघडलं?"

बिघडलं काहीच नाही, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं केलंत. हौस हा गरिबाचाही हक्क आहे, मी त्याच्या विरुद्ध बोलत नाही. पण चाळीतली हौस आठवा. कंदील दिवाळीला चढायचा आणि तुळशीच्या लग्नानंतर उतरायचा. तो सुंदर दिसायचा त्यात तो उतरणार आहे याचाही वाटा होता. रोजच दिवाळी केली तर दिवाळीला काय करायचं? तेव्हा शोभेच्या दिव्यांसाठी वेगळी वर्गणी काढा, ऐच्छिक ठेवा, दिवस ठरवा, आणि मग मनसोक्त लावा. फक्त ती मेंटेनन्सच्या बिलात, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या नावावर टाकू नका.

दुसरा प्रश्न: "तुमच्या सोसायटीने मग त्या चाळीस दिव्यांचं काय केलं?"

काढले नाहीत. काढायलाही पैसे लागतात. रंगीत पट्टी बंद आहे. पामचे दिवे टायमरवर टाकलेत, अकराला बंद होतात. जे जातील ते बदलायचे नाहीत असा ठराव झाला, आणि त्यांचा सांगाडा पायरीकडे वळवायचा. आतापर्यंत सात दिवे वळवले आहेत. पहिला दिवा त्या रॅम्पच्या पायरीवर लावला. त्या ठरावाची सूचना मी मांडली. अनुमोदन मावशींचं होतं. त्यांना उभं राहायला वेळ लागला, सभा थांबली होती.